‘विसरून जा’ म्हणण्यापूर्वी

एखाद्या घरावर मोठे संकट कोसळले की भेटायला येणारी माणसे काय बोलतात, हे तुम्ही ऐकले असेलच. कुणी वडीलधारे पाठीवरून हात फिरवीत म्हणतात, “झाले गेले गंगेला मिळाले. आता विसरून जा बघू.” शेजारचे काका म्हणतात, “मन घट्ट कर. एवढा मोठा घोडा झालास, रडतोस काय?” बोलणाऱ्यांच्या मनात माया असते, यात शंका नाही. तरीसुद्धा, विद्यार्थी मित्रांनो, आज मी या सल्ल्याच्या विरुद्ध बोलणार आहे. भयंकर प्रसंगातून गेलेल्या माणसाला ‘विसरून जा’ म्हणणे म्हणजे त्याच्या मेंदूला जे करताच येत नाही, ते करायला सांगणे होय. असे मी का म्हणतो, ते जरा सविस्तर पाहू.

आधी आपल्याच राज्यातली एक पहाट घेऊ. तुमचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना ती आठवत असेल. १९९३ साली गणपतीचे विसर्जन आटोपून लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतली गावे उशिरा झोपी गेली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. मरण पावलेल्यांची संख्या ८,००० ते १०,००० च्या घरात होती. एवढी माणसे दगावली याचे मोठे कारण त्यांची घरेच होती. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले माळवद, अशी ती बांधणी. उन्हाळ्यात घर गार ठेवणारी हीच भिंत आणि हेच माळवद त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळले.

त्यानंतर दगडी भिंतींच्या आत झोपायला माणसे तयार होईनात. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाने भाजून निघाले तरी चालेल, पण अंगाशेजारी दगड नको! आता विचार करा, ही भीती खुळी होती काय? मुळीच नव्हती. चिखलात रचलेला दगड भूकंपात माणसे मारतो, हे अभियंते सांगतात तेच त्या लोकांच्या शरीराने एका रात्रीत शिकून घेतले होते. भीती ही अशी जलद शिकवणारी शिक्षिका आहे. एकाच तासात धडा पक्का करून घेते, उजळणीची गरज ठेवत नाही.

अडचण पुढे आहे. ही शिक्षिका धडा शिकवते, पण तो कुठे लागू आहे आणि कुठे नाही, हे सांगायला विसरते. भूकंपातून वाचलेल्या माणसांत जगभर आढळते, की रस्त्यावरून मालट्रक गेला आणि खिडकीची तावदाने थरथरली, की छाती धडधडू लागते. दार आपटले की माणूस बाहेर धाव घेतो. रात्रीचा ठरावीक प्रहर आला की झोप उडते. धोका कधीच टळलेला असतो, पण शरीराला ते कुणी कळवलेलेच नसते.

माणसांवर मुद्दाम संकट आणून हे तपासणे शक्य नाही आणि योग्य तर मुळीच नाही. पण १९२४ साली निसर्गानेच एक प्रयोग करून दाखवला. रशियातल्या लेनिनग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, इव्हान पावलोव्ह यांची प्रयोगशाळा होती. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा त्यांचा प्रयोग तुम्हांला ऐकून ठाऊक असेल. (खरे म्हणजे त्यांनी घंटेपेक्षा इतर खुणाच अधिक वापरल्या, पण घंटा सगळ्यांच्या लक्षात राहिली!) त्या वर्षी सप्टेंबरमध्ये शहरात मोठा पूर आला. कुत्र्यांची घरे मुख्य इमारतीपासून थोड्या अंतरावर होती. पाणी चढत गेले, कुत्री बुडता बुडता वाचली. वादळी वाऱ्यात, पाण्यातून त्यांना मुख्य इमारतीत आणावे लागले.

पूर ओसरल्यावर प्रयोग पुन्हा सुरू झाले, तेव्हा काही कुत्र्यांमध्ये चमत्कारिक बदल दिसला. महिनोन्‌महिने शिकवलेले सारे नाहीसे झाले होते. खूण दाखवली तरी लाळ येईना, समोर ठेवलेले अन्नही ती खाईनात. लक्षात घ्या, ‘काही’ कुत्र्यांमध्ये. पुरात सगळीच सापडली होती, पण परिणाम सगळ्यांवर सारखा झाला नाही. पावलोव्ह यांच्या सहकाऱ्याला आणखी एक गोष्ट आढळली. ओळखीचा प्रयोगकर्ता खोलीत कुत्र्याजवळ बसून राहिला, की हरवलेले शिक्षण परत येऊ लागे. तो बाहेर गेला की पुन्हा जैसे थे. बऱ्याच दिवसांनी कुत्रे सावरले. मग एके दिवशी खोलीच्या दाराखालून पाण्याची एक बारीकशी धार आत सोडण्यात आली. पुराच्या मानाने ते पाणी म्हणजे काहीच नव्हे. पण तेवढ्याने कुत्रे अस्वस्थ झाले आणि सावरलेले सारे पुन्हा कोसळले.

या एका निरीक्षणात आपल्या विषयाचे जवळजवळ सगळे धागे आहेत. एकाच संकटाचा परिणाम प्रत्येकावर वेगळा होतो. सोबतीने फरक पडतो. आणि एखादी क्षुल्लक खूण सगळा प्रसंग पुन्हा उभा करू शकते. त्या कुत्र्यांना कुणी भित्रे म्हटले नाही, ‘मन घट्ट करा’ असेही सांगितले नाही. माणसांच्या वाट्याला मात्र एवढे भाग्य नेहमी येत नाही.

आता मेंदूत काय घडते ते पाहू. अंधारात दोरी दिसली आणि साप समजून तुम्ही मागे उडी मारलीत, तर ‘अरे, ही तर दोरी’ हा विचार उडीच्या नंतर येतो. मेंदूच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. धोक्याची चाहूल लागताच तो विचाराची वाट न पाहता इशारा देतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते, हृदय जोराने चालू लागते, स्नायूंकडे रक्त धावते. लढा, पळा, नाहीतर जागच्या जागी थिजून राहा, यांपैकी काहीतरी एक घडते. (थिजून जाणे हाही शरीराचाच मार्ग आहे. ‘ओरडली का नाही? पळाली का नाही?’ असे प्रश्न विचारणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.)

मेंदूचा दुसरा एक भाग, हिप्पोकॅम्पस, घडलेल्या गोष्टीला स्थळ आणि काळ यांची चिठ्ठी लावून ठेवतो. ‘हे गेल्या दिवाळीत, मामाच्या गावी घडले’ असे आपण म्हणू शकतो ते त्याच्यामुळे. अतिशय भयंकर प्रसंगात हे काम नीट होत नाही, असे बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटते. आवाज, वास, प्रकाश, पोटातला गोळा, हे सगळे ठळकपणे कोरले जाते, पण त्यावरची तारखेची चिठ्ठी सैल राहते. म्हणून ती आठवण ‘तेव्हाची’ वाटत नाही, ‘आत्ताची’ वाटते. मेंदूच्या पुढच्या भागाने ‘हा नुसता ट्रक आहे’ असे सांगून इशारा थांबवायचा असतो, पण त्याचा आवाज अशा वेळी क्षीण पडतो. मी हे फार सोपे करून सांगतो आहे. प्रत्यक्षातली जोडणी पुष्कळ गुंतागुंतीची आहे आणि तिच्यावर संशोधन चालू आहे. पण एवढे चित्र मनात असले तरी आपल्याला पुरे.

या अवस्थेला वैद्यकात आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. वर्तमानपत्रांतून ‘पीटीएसडी’ ही अक्षरे तुम्ही वाचली असतील, तो हाच. त्याची चार लक्षणे सांगता येतील. प्रसंगाच्या आठवणी न बोलावता घुसतात, जागेपणी आणि स्वप्नांतही. त्या प्रसंगाची आठवण देणाऱ्या जागा, माणसे, बोलणे यांना माणूस टाळू लागतो. मन काळवंडते, ‘मीच का वाचलो?’, ‘माझीच चूक होती’ असे विचार धरून बसतात आणि आवडत्या गोष्टींतली गोडी जाते. आणि शरीर सदैव पहाऱ्यावर उभे राहते. झोप लागत नाही, चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. हे सारे एक महिन्याहून अधिक टिकले आणि रोजचे जगणे अडू लागले, तरच डॉक्टर हे नाव देतात. पहिल्या काही आठवड्यांत असे होणे हा आजार नव्हे. ताजी जखम ठणकतेच.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो. हल्ली गणिताचा पेपर अवघड गेला तरी मुले ‘मला ट्रॉमा झाला’ म्हणतात. थट्टा म्हणून ठीक आहे. पण शब्द असा पातळ केला, की ज्याला त्याची खरी गरज आहे त्याचे बोलणेही थट्टेवारी जाते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. विसरता का येत नाही? एक प्रयोग वर्गात सहज करण्यासारखा आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांचे सहकारी यांनी तो १९८७ साली प्रसिद्ध केला. पाच मिनिटे घड्याळ लावा. मनात येईल तो विचार करा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. तो आलाच, तर वहीत एक रेघ मारा. पाच मिनिटांनी रेघा मोजा! ज्याने आयुष्यात पांढरे अस्वल पाहिलेले नाही, त्याच्या वहीतही रेघा सापडतील. वेग्नर यांना आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांनी आधी हा विचार दाबला होता, त्यांना नंतर ‘आता खुशाल करा’ म्हटल्यावर तो विचार इतरांपेक्षा जास्त वेळा आला. दाबण्यासाठी मनाला सतत पहारा ठेवावा लागतो, आणि पहारेकऱ्याला चोराचा चेहरा लक्षात ठेवावाच लागतो. ही गत एका निरुपद्रवी अस्वलाची. मग जिवावरच्या प्रसंगाचे काय?

दुसरा पुरावा पुन्हा पावलोव्ह यांच्याकडचाच आहे. खूण दाखवायची आणि अन्न द्यायचे नाही, असे वारंवार केले की लाळ येणे कमी होत होत थांबते. कुत्रे जुना धडा विसरले, असे वाटते. पण थोडी विश्रांती देऊन पुन्हा खूण दाखवा, लाळ परत येते. म्हणजे जुना धडा पुसला गेलेलाच नव्हता. ‘आता खुणेनंतर अन्न येत नाही’ असा एक नवा धडा त्याच्या शेजारी लिहिला गेला होता, आणि कोणता धडा केव्हा वाचायचा, याची ओढाताण चालली होती.

माझ्या मते या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. भीतीतून बरे होणे हे पाटी पुसण्यासारखे नाही. ते नवे शिकणे आहे. ‘पूल दिसला की मरण’ या धड्याशेजारी ‘या पुलावरून मी वीस वेळा गेलो आणि काही झाले नाही’ हा धडा लिहावा लागतो, आणि तो लिहायला पुलावर जावे लागते. जो पूल टाळतो, त्याला तेवढ्यापुरते हायसे वाटते, पण नवा धडा कधीच मिळत नाही. भीती जशीच्या तशी राहते, उलट पसरते. ‘विसरून जा’ हा सल्ला माणसाला नेमके टाळायलाच शिकवतो, म्हणून माझा त्याला विरोध आहे.

हे सगळे माणसांच्या बाबतीत लक्षात यायला एक महायुद्ध लागले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि खंदकांतून विचित्र रुग्ण येऊ लागले. अंगावर जखम नाही, पण बोलता येत नाही, हात थरथरतात, झोपेत किंकाळ्या. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत ‘शेल शॉक’ हे नाव वापरले. तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदू हादरला असावा, अशी समजूत होती. पण ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नव्हता, असेही कितीतरी सैनिक या स्थितीत आढळले. सेनाधिकाऱ्यांचे निदान त्याहून सोपे होते: भित्रेपणा! पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ब्रिटिश फौजेतल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ साली मरणोत्तर माफी दिली. त्यांतले काही जण आजारी असावेत, असे आज मानले जाते. निदान चुकले तर काय होऊ शकते, ते या आकड्यावरून समजावे.

त्याच काळात एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात विल्यम रिव्हर्स नावाचे डॉक्टर होते. यांचा आपल्या देशाशी संबंध आहे. युद्धापूर्वी, १९०१-०२ मध्ये, निलगिरीत राहून त्यांनी तोडा लोकांचा अभ्यास केला होता आणि त्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. माणसाचे म्हणणे घाई न करता ऐकून घ्यायची सवय त्यांना तिथे लागली असेल का? हा माझा आपला तर्क. त्यांच्याकडे येणाऱ्या अधिकाऱ्यांना आधीच्या डॉक्टरांनी आणि नातलगांनी एकच सल्ला दिलेला असे: युद्धाचा विचार करू नका, चांगल्या गोष्टी मनात आणा. दिवसभर ते तसे करीत आणि रात्री तेच सारे स्वप्नांत दुप्पट जोराने परत येई. रिव्हर्स यांनी उलट वाट धरली. आठवण टाळू नका. तिच्यात बुडूनही जाऊ नका. माझ्याजवळ बसून तिच्याकडे पाहा आणि तिचा अर्थ लावा. १९१७ च्या डिसेंबरात त्यांनी यावर लंडनमध्ये निबंध वाचला आणि तो १९१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

त्यातले एक उदाहरण सांगतो. एका अधिकाऱ्याला त्याच्या मित्राचे स्फोटात छिन्नभिन्न झालेले शव सापडले होते. रोज रात्री तेच स्वप्न. रिव्हर्स यांनी त्याला इतकेच दाखवून दिले, की शरीराची ती दशा हाच मित्राला क्षणात मरण आल्याचा पुरावा आहे. त्याला यातना झाल्या नाहीत. प्रसंग तोच राहिला, पण त्याचा अर्थ बदलला. पुढे स्वप्न बदलले. त्यात तो मित्राशेजारी बसून हलकेच त्याची सामग्री काढून घेऊ लागला, जागे झाल्यावर दुःख होई, पण पूर्वीची दहशत राहिली नाही. रिव्हर्स यांचा मला विशेष आदर वाटतो तो मात्र याच निबंधातल्या दुसऱ्या एका रुग्णामुळे. त्याच्या प्रसंगात सांत्वन वाटावे असे काहीच सापडत नव्हते, आणि तिथे आपला उपाय चालला नाही, हे त्यांनी सरळ लिहून ठेवले.

यानंतर पुष्कळ वर्षे हा विषय मागे पडला. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांनी आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या लोकांनी तो पुन्हा पुढे आणला, आणि १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत या विकाराला स्थान मिळाले. म्हणजे हे नाव तुमच्या आईवडिलांच्याच वयाचे म्हणा ना!

आज उपचार कसे होतात? फिलाडेल्फियातल्या एड्ना फोआ यांनी विकसित केलेली पद्धत घ्या. रुग्ण प्रशिक्षित तज्ज्ञाजवळ बसून घडलेला प्रसंग मोठ्याने, जणू आत्ता घडतो आहे असा, पुनःपुन्हा सांगतो. ते सांगणे ध्वनिमुद्रित करून घरी ऐकतो. शिवाय टाळलेल्या पण सुरक्षित अशा जागांची चढती यादी करून एकेक पायरीने तिथे जातो. साधारण ८ ते १५ बैठका होतात. पहिल्या बैठका फार जड जातात. हळूहळू त्या आठवणीला आरंभ, मध्य आणि शेवट मिळतो. मुख्य म्हणजे शेवट. दुसऱ्या एका पद्धतीत ‘चूक माझीच’ यासारखे विचार वकिलासारखे तपासून पाहतात. तिसरीत आठवण मनात धरून डोळे डावीकडे-उजवीकडे हलवतात. हिचाही गुण येतो, हे चाचण्यांतून दिसले आहे. पण गुण डोळे हलवण्याने येतो की आठवणीला सामोरे जाण्याने, यावर तज्ज्ञांत वाद आहे. मला दुसरी बाजू पटते. काही रुग्णांना सर्ट्रालिनसारखी औषधेही उपयोगी पडतात, पण ती डॉक्टरांनीच द्यायची.

आता कुणी म्हणेल, ‘मग ठरले! दुःखी माणसाला धरून बसवू आणि सगळे बोलायला लावू.’ थांबा. ही उलट्या बाजूची चूक झाली, आणि ती जाणत्या लोकांनीही केली आहे. १९८० नंतर अपघात, आग यांतून वाचलेल्यांना पहिल्या काही दिवसांतच एका बैठकीत सारे सांगायला लावण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत फार फोफावली. मग चाचण्या झाल्या. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, १३ महिन्यांनी पाहिले तेव्हा अशी बैठक दिलेल्यांपैकी २६ टक्के लोकांना हा विकार होता. न दिलेल्यांपैकी ९ टक्के लोकांना. बैठक दिलेल्या गटातल्या लोकांचे अपघात मुळातच काहीसे गंभीर होते, हे ध्यानात घ्यायला हवे. तरीही फायदा दिसला नाही, एवढे नक्की. पुढच्या चाचण्यांचा एकत्रित निष्कर्षही तसाच निघाला. ताज्या जखमेवरची खपली कुणी उचकटू नये.

फोआ यांच्या खोलीत घडते ते आणि हे, यांत मग फरक काय? तिथे माणूस स्वतःच्या इच्छेने, सुरक्षित झाल्यावर, आपल्या गतीने, माहीतगाराच्या सोबतीने जातो. बोलण्याची वेळ ज्याची त्याने ठरवायची असते.

काही आकडे आशा देणारे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या आयुष्यात असा एखादा आघाताचा प्रसंग येतो. त्यांपैकी साधारण ५.६ टक्के लोकांनाच हा विकार जडतो. बाकीचे घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या, कामाच्या आधाराने सावरतात. ज्यांना विकार जडतो त्यांपैकीही सुमारे ४० टक्के लोक वर्षभरात बरे होतात. युद्ध किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्यांत मात्र विकाराचे प्रमाण बरेच अधिक असते. आणि एक आकडा वाईट आहे. आपल्यासारख्या देशांत या विकाराने पीडित असलेल्या चौघांपैकी एकच जण कसला तरी उपचार घेतो. उरलेल्या तिघांना बहुधा ‘विसरून जा’ असे सांगितलेले असते.

समजा, तुमच्या वर्गातला एक मुलगा वडिलांबरोबर मोटारसायकलवरून जाताना अपघातात सापडला आणि पंधरा दिवसांनी शाळेत आला. तुम्ही काय कराल? ‘काय झाले, कसे झाले, रक्त किती आले’ हे विचारू नका. त्याच्याभोवती घोळकाही करू नका. पूर्वी बसत होता तसे शेजारी बसा, बुडालेला अभ्यास त्याला उतरवून द्या, खेळायला हाक मारा. तो बोलू लागला तर ऐका. मध्येच स्वतःच्या चुलतभावाच्या अपघाताची गोष्ट सुरू करू नका. पावलोव्ह यांच्या सहकाऱ्याने काय केले होते, आठवते ना? नुसता जवळ बसला होता. आणि महिन्या-दोन महिन्यांनंतरही तो झोपत नसेल, रस्ता ओलांडायला घाबरत असेल, किंवा ‘मी मेलो असतो तर बरे’ असे काही बोलला, तर ते गुपित म्हणून पोटात ठेवू नका. त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

एक गोष्ट याहून वेगळी आहे. एखाद्या मुलीला किंवा मुलाला घरात वा बाहेर कुणी मारत असेल, त्रास देत असेल, तर तिथे भीती चुकीची नाही, धोका खराच आहे. तिथे भीतीवर उपचार करण्याआधी धोका थांबवावा लागतो. त्यासाठी विश्वासातल्या शिक्षकांना सांगा किंवा १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक फिरवा. भूकंप आपोआप थांबतो, माणूस आपोआप थांबत नाही.

शिक्षक मित्रहो, आपल्याला दोन शब्द. संकटातून आलेला विद्यार्थी खिडकीबाहेर पाहत बसतो, चटकन चिडतो, पाठांतर विसरतो. त्याला आळशी किंवा उर्मट ठरवण्यापूर्वी गेल्या सहा महिन्यांत त्याच्या घरी काय घडले, याची चौकशी करावी. त्याला दाराजवळची जागा हवी असेल तर द्यावी. सर्वांसमोर ‘बघा, किती धीराचा आहे’ अशी स्तुती करू नये; तीही त्याला बोचते. त्याच्याकडून काम मात्र घ्यावे, फळा पुसण्याचे, प्रयोगाचे साहित्य मांडण्याचे. आपण काही करू शकतो, हे कळणे या मुलांना फार लागते. वेळापत्रक शक्य तितके ठरल्याप्रमाणे चालू द्यावे.

शाळेत आपत्ती व्यवस्थापनाची रंगीत तालीम असते, तेव्हा भोंगा अचानक वाजवण्याची पद्धत आहे. अशा एखाद्या मुलाला तो कोणत्या तासाला, किती वाजता वाजणार, हे आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगून ठेवावे. त्या वेळी कुणाजवळ उभे राहायला आवडेल, हेही विचारावे. त्याची तयारी असेल, तर भोंग्याचे बटन त्यालाच दाबू द्यावे.